कर्करुग्णांचे भावनिक स्वास्थ्य आणि योग

कर्करोगाचे निदान, त्यावरील उपचार आणि उपचारोत्तर काळ या सर्व टप्प्यांत रुग्णाच्या मनावर येणारा ताण सुसह्य व्हावा, यासाठी वैद्यकीय उपचारांच्या जोडीने आसने, श्वसनाचे सौम्य प्रकार, शिथिलीकरण व ध्यान यांचा अभ्यास करविला जातो. अशा अभ्यासास सामान्यतः कर्करुग्णांसाठीचा योग असे म्हटले जाते. हा योग म्हणजे कर्करोगावरील उपचार नव्हे. गाठ विरघळविणे किंवा रोगाचा प्रसार रोखणे हे त्याचे प्रयोजन नाही. थकवा, निद्रानाश, चिंता, खिन्नता आणि स्वतःच्या शरीराविषयी निर्माण झालेला परकेपणा यांच्याशी जुळवून घेण्यास तो साहाय्यभूत ठरतो. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार, संप्रेरक उपचार इत्यादींच्या बरोबरीने त्याचा वापर होतो. त्यांच्या जागी नव्हे.

या विषयातील संशोधनाशी महाराष्ट्राचा, विशेषतः पुणे जिल्ह्याचा, जुना संबंध आहे. मात्र संशोधन बहुतांशी शहरांतील रुग्णालयांत झाले आहे. यवतसारख्या (ता. दौंड) महामार्गावरील गावात राहून पुण्यास उपचारासाठी ये-जा करणाऱ्या रुग्णापर्यंत ते कोणत्या रूपात पोहोचू शकते, हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे.

भावनिक ताणाचे स्वरूप

‘कॅन्सर’ हा शब्द कानी पडल्यानंतर डॉक्टर पुढे काय बोलले, हे अनेक रुग्णांना नंतर आठवत नाही. हा पहिला धक्का ओसरला तरी ताण संपत नाही, तो केवळ रूप पालटतो. बायोप्सीचा अहवाल येईपर्यंतची घालमेल, केमोथेरपीच्या पुढील फेरीची धास्ती, केस गळणे, स्तन काढावा लागणे, जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आणि अडखळणारी वाणी या प्रत्येक गोष्टीचे दुःख निराळे असते. २०११ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यानुसार, रुग्णालयांत उपचार घेणाऱ्या कर्करुग्णांपैकी सुमारे ३० ते ४० टक्के रुग्णांत नैराश्य, चिंता किंवा परिस्थितीशी जुळवून घेण्यातील अडचण यांपैकी काही ना काही विकार आढळतो.

उपचार संपल्यानंतरचा काळ सोपा असतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळांना तोच अवघड जातो. रुग्णालयातील नेमाची ये-जा थांबते, परिचारिकांचे ओळखीचे चेहरे दिसेनासे होतात, घरचे लोक “आता बरी झालीस ना” असे म्हणून आपापल्या कामाला लागतात. रुग्णाच्या मनात मात्र प्रत्येक पाठदुखीबरोबर रोग उलटल्याची शंका येते. दर तीन-सहा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीच्या आधीचे आठ-दहा दिवस झोप उडते.

ग्रामीण महाराष्ट्रात या ताणाला आणखी काही पदर आहेत. तंबाखू, गुटखा आणि स्त्रियांमधील मिश्री यांच्यामुळे मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण येथे मोठे आहे. अशा रुग्णाच्या मनात ‘हे आपणच ओढवून घेतले’ हा अपराधभाव घर करून राहतो, आणि भेटीला आलेले पाहुणे नकळत त्यात भर घालतात. कर्करोग संसर्गजन्य नसतानाही काही घरांत रुग्णाचे ताट-वाटी वेगळे केले जाते. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर आईचा आजार लपविला जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च शासन उचलते. तरीही प्रवास, बुडालेली मजुरी, सोबतीला राहणाऱ्या माणसाचा खर्च या गोष्टी कुटुंबालाच सोसाव्या लागतात. घरावर आपण ओझे झालो आहोत, ही भावना या हिशेबातून येते. योगवर्गात बसून तो हिशेब मिटत नाही. कर्करुग्णांच्या मनःस्वास्थ्याविषयी लिहिताना ही गोष्ट विसरली जाते, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदविली आहे.

योगशास्त्रातील भूमिका

पतंजलीच्या योगसूत्रांत चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत आणि त्यांत व्याधीचा क्रम पहिला आहे. म्हणजेच सूत्रकाराच्या दृष्टीने रोग हा साधनेतील अडथळा आहे. रोगनिवारण हे साधनेचे उद्दिष्ट नाही. या अंतरायांबरोबर येणारी चार लक्षणेही लगेच पुढे दिली आहेत : दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची विस्कळीत गती. मनाची अवस्था शरीरात व श्वासात उमटते, ही ती निरीक्षणाधारित जाणीव होय. तिचा व्यत्यास म्हणजे श्वास आणि शरीर स्थिर करून मनाला काहीसा विसावा देता येतो, हा विचार आजच्या रुग्णालयीन योगाचा पाया आहे.

शरीरक्रियाशास्त्राच्या भाषेत हीच गोष्ट पुढीलप्रमाणे मांडता येते. भय किंवा चिंता वाटत असताना अनुकंपी चेतासंस्था उत्तेजित होते. हृदयाची गती वाढते, स्नायू ताठरतात, श्वास उथळ व जलद होतो. श्वास सावकाश केला आणि विशेषतः उच्छ्वास लांबविला, तर व्हेगस चेतातंतूच्या द्वारे परानुकंपी संस्थेचा प्रभाव वाढतो व हृदयाची गती मंदावते. श्वसन ही आपोआप चालणारी, तरीही इच्छेने बदलता येणारी क्रिया असल्यामुळे शरीराच्या या स्वयंचलित यंत्रणेत शिरण्याचा तो सर्वांत सोपा दरवाजा आहे. हालचाल करण्याची ताकद उरलेली नाही, अशा रुग्णालाही तो उघडता येतो.

लोणावळ्याची परंपरा

योगक्रियांचे परिणाम उपकरणांनी मोजावेत, हा विचार भारतात प्रथम पद्धतशीरपणे राबविणाऱ्यांत स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांनी बडोदे येथे क्ष-किरणांच्या साहाय्याने योगक्रियांचे काही प्रयोग केले आणि १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी सुरू झालेले ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक योगविषयक प्रायोगिक संशोधनास वाहिलेले आरंभीचे नियतकालिक मानले जाते. कर्करोग हा त्या प्रयोगांचा विषय नव्हता. परंतु योगाविषयीचा दावा तपासून घ्यावा लागतो, केवळ ग्रंथात आहे म्हणून तो मान्य होत नाही, ही शिस्त त्या परंपरेने घालून दिली.

पुण्यातील दुसरी धारा बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांची. १९७५ मध्ये त्यांनी रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू केली. लोड, उशा, घडीची खुर्ची, पट्टे, दोर, लाकडी ठोकळे अशा साधनांचा आधार देऊन आसन रुग्णाच्या कुवतीप्रमाणे बेतायचे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. आजारी माणसाने आसनाला शरण जाण्याऐवजी आसन त्याच्यासाठी वाकते. केमोथेरपीने गळून गेलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. या पद्धतीचा एक छोटा अभ्यास अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे झाला व २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनांच्या कर्करोगातून बाहेर पडूनही थकवा न गेलेल्या ३१ स्त्रियांपैकी काहींना बारा आठवडे अय्यंगार पद्धतीचा योग आणि उरलेल्यांना तितकाच काळ आरोग्यविषयक माहितीचे वर्ग देण्यात आले. योगगटातील थकवा लक्षणीयरीत्या घटला व उत्साह वाढला. खिन्नता आणि ताण मात्र दोन्ही गटांत कमी झाले. केवळ नियमितपणे एकत्र जमणे, कोणी तरी आपली विचारपूस करणे, याचाही वाटा त्यात असावा, असा अर्थ यातून निघतो.

मुंबईतील चाचणी

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) हे देशातील कर्करोगोपचाराचे प्रमुख केंद्र आहे. तेथे स्तनांच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर योगाची यादृच्छिक चाचणी घेण्यात आली. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रुग्णांची विभागणी करून एका गटास नेहमीच्या उपचारांबरोबर योग आणि दुसऱ्यास योगाविना नेहमीची शुश्रूषा, अशी तिची रचना होती. योगतज्ज्ञ, डॉक्टर व भौतिकोपचारतज्ज्ञ यांनी मिळून उपचारांच्या टप्प्यानुसार अभ्यासक्रम आखला. त्यात सोपी व विश्रांतिपर आसने, मधूनमधून शिथिलीकरण आणि प्राणायाम होता. प्रशिक्षित शिक्षकांचे वर्ग आणि घरी सराव चालू राहावा म्हणून पत्रके व ध्वनिचित्रफिती, अशी दुहेरी सोय होती.

डॉ. नीता नायर यांनी डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथील स्तनकर्करोग परिषदेत या चाचणीचे निष्कर्ष मांडले. योगगटात रोगमुक्त आयुष्यात १५ टक्के व एकूण जीवितकालात १४ टक्के सापेक्ष सुधारणा आढळल्याचे सांगण्यात आले. वृत्तपत्रांनी हेच आकडे मथळ्यात घेतले. येथे ‘सापेक्ष’ हा शब्द निसटता कामा नये. समजा, ठरावीक काळात शंभरपैकी वीस रुग्णांत रोग उलटण्याची शक्यता आहे. ती सापेक्षतः १५ टक्क्यांनी घटली, तर विसाच्या जागी सतरा रुग्णांत रोग उलटेल. शंभरातील पंधरा जणी अधिक वाचल्या, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय परिषदेत सादर केलेला निष्कर्ष आणि तज्ज्ञांच्या छाननीतून गेलेला सविस्तर शोधनिबंध यांचे वजन सारखे नसते. एवढी मोठी चाचणी भारतात, सार्वजनिक रुग्णालयात, नेहमीच्या रुग्णांवर पार पडली, हेच तिचे मोल पुरेसे आहे.

इतर संशोधन

बंगळूरू येथील संशोधकांनी स्तनांच्या कर्करोगाच्या ९८ स्त्रियांवर केलेला, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मनाच्या बाजूने अधिक बोलका आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी या संपूर्ण काळात एका गटास योग व दुसऱ्यास आधारपर समुपदेशन देण्यात आले. योगगटात चिंता अधिक प्रमाणात कमी झाली. मात्र मध्येच सोडून जाणाऱ्यांची संख्या मोठी होती आणि अखेरपर्यंत टिकलेल्या स्त्रिया निम्म्याहूनही कमी होत्या. दीर्घ उपचारांत नियमित वर्गाला येणे किती कठीण असते, हेही त्यावरून कळते.

बंगळूरूच्याच विवेकानंद योग संस्थेने अमेरिकेतील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राबरोबर केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किरणोपचार घेणाऱ्या १६३ स्त्रिया होत्या. योग, केवळ ताण देण्याचे व्यायाम आणि काहीच नाही, असे तीन गट होते. थकवा पहिल्या दोन्ही गटांत कमी झाला. शारीरिक क्षमता व आरोग्याची जाणीव योगगटात अधिक सुधारली, आणि कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची दैनंदिन उतरणही त्या गटात चांगली राहिली. मानसिक स्वास्थ्य व झोप यांच्या मोजमापात मात्र गटागटांत फरक दिसला नाही. योगाचे गोडवे गाताना ही शेवटची ओळ सहसा गाळली जाते.

झोपेच्या बाबतीत अमेरिकेतील रॉचेस्टर येथील अभ्यास (२०१३) महत्त्वाचा आहे. उपचार संपलेल्या आणि झोपेची तक्रार असलेल्या ४१० व्यक्तींपैकी योगगटाने चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, सव्वा तासाचा सौम्य योग केला. त्यांची झोप सुधारली आणि झोपेच्या गोळ्यांचा वापर घटला.

कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ मधील आढाव्यात स्तनांच्या कर्करोगावरील २४ अभ्यास व २,१६६ व्यक्ती समाविष्ट होत्या. काहीही न करण्याच्या तुलनेत योगाने जीवनमान सुधारते, थकवा व निद्रानाश कमी होतो, यास मध्यम दर्जाचा पुरावा आढळला. त्याच तुलनेत चिंता व नैराश्य घटल्याचे स्पष्टपणे दिसले नाही. मात्र समुपदेशन किंवा माहितीपर कार्यक्रमांच्या तुलनेत योगाने ती घटल्याचे दिसले. हे निष्कर्ष परस्परांशी नीट जुळत नाहीत आणि अशी विसंगती या क्षेत्रात नित्याची आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने व एकात्मिक कर्करोगोपचार संघटनेने संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, कर्करुग्णांच्या चिंता व नैराश्यासाठी सजगतेवर आधारित पद्धतींबरोबर योगाचाही समावेश आहे. बहुतेक अभ्यास स्तनांच्या कर्करोगाच्या स्त्रियांवर झाले आहेत, हे ध्यानात ठेवूनच ते निष्कर्ष मुखाच्या कर्करोगाच्या शेतकऱ्याला लागू करावे लागतात.

अभ्यासाचे स्वरूप

कर्करुग्णांच्या योगात सूर्यनमस्कारांची संख्या मोजली जात नाही. काल वीस मिनिटे बसता आले आणि आज पाच मिनिटेही जमत नाहीत, असे केमोथेरपीच्या चक्रात हमखास घडते; ती पीछेहाट नव्हे. औषध चढविल्यानंतरच्या दोन-चार दिवसांत केवळ श्वासाकडे लक्ष देणे व शिथिलीकरण, आणि अंगात बळ आल्यावर हळूहळू हालचाल, असा क्रम ठेवला जातो.

सुरुवात बहुधा खुर्चीत किंवा भिंतीला टेकून बसण्यापासून होते. मान, खांदे, मनगटे व घोटे श्वासाच्या लयीत सावकाश फिरविणे, हात जमतील तितके वर नेणे, उभे राहता येत असेल तर आधार धरून ताडासन, असे साधे प्रकार त्यात येतात. पाय भिंतीवर टेकवून पाठीवर पडून राहणे, किंवा पाठीखाली लोड व गुडघ्यांखाली उशा घेऊन रेलणे, या स्थितींत काहीही ‘करावे’ लागत नाही आणि म्हणूनच त्या थकलेल्या शरीराला मानवतात. श्वसनात कुंभक टाळून केलेला अनुलोम-विलोम, भ्रामरी आणि उच्छ्वास लांबविण्याचा सराव प्रामुख्याने शिकविला जातो. मनात चारपर्यंत मोजत श्वास घेणे आणि सहापर्यंत मोजत सोडणे, एवढेही पुरते. मोजणी जड वाटल्यास ती सोडून द्यावी.

शेवटी शवासन व योगनिद्रा येते. येथे एक बारीक गोष्ट शिक्षकाने जपावयाची असते. मृत्यूच्या विचाराने आधीच धास्तावलेल्या माणसाला ‘शवासन’ हे नाव टोचू शकते. अशा वेळी ‘विश्रांतीची स्थिती’ म्हणणे अधिक बरे. डोळे मिटून निश्चल पडल्यावर काहींना शांत वाटण्याऐवजी रडू कोसळते किंवा छाती भरून येते. त्यांना डोळे उघडे ठेवू द्यावेत, कुशीवर वळू द्यावे, हवे तर उठून बसू द्यावे. रडू येणे म्हणजे साधना बिघडणे नव्हे. महिनोन्‌महिने घरच्यांसमोर धीराने वागणाऱ्या स्त्रीला रडण्याची पहिली निवांत जागा अशा वर्गात मिळते.

दक्षता

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून अभ्यास सुरू करू नये, हा सर्वसाधारण नियम आहे. त्यामागील कारणे आजाराप्रमाणे वेगळी असतात. रोग हाडांत पसरला असेल तर पाठीला पीळ देणारी, खोल पुढे वाकविणारी किंवा तोल जाण्याचा संभव असलेली आसने वर्ज्य ठरतात, कारण अशी हाडे किरकोळ भारानेही मोडू शकतात. रक्तातील प्लेटलेट कमी असताना पडण्याने व दाब येण्याने रक्तस्राव होतो. पांढऱ्या पेशी घटलेल्या काळात गर्दीचा वर्ग टाळून घरी सराव करणे इष्ट. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा मलविसर्जनासाठी पोटावर पिशवी असताना कपालभाती, भस्त्रिका व पोटावर ताण आणणारे प्रकार करू नयेत. दूरचित्रवाणीवर पाहून केलेली जोरदार कपालभाती ही या बाबतीतील नेहमीची चूक आहे.

काखेतील लसिकाग्रंथी काढल्या असल्यास त्या बाजूचा हात सुजण्याचा धोका असतो. त्या हातावर शरीराचा पूर्ण भार येणारी आसने सुरुवातीस टाळावीत. पण भीतीने हात अंगाशी धरून ठेवणे हेही तितकेच चुकीचे आहे, कारण त्यामुळे खांदा आखडतो. मुखाच्या व घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांत जबडा न उघडणे, नाकातून घातलेली अन्ननळी, गळ्यावरील श्वासछिद्र अशा अडचणी असतात. तेथे नाकपुडी मिटून करण्याचे प्राणायाम लागू पडत नाहीत; श्वासाचे केवळ निरीक्षण व शरीराचे क्रमशः शिथिलीकरण हाच मार्ग उरतो. योगशिक्षकाचे प्रमाणपत्र असणे आणि कर्करुग्णांना शिकविण्याचा अनुभव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज

पहिला गैरसमज म्हणजे योगाने कर्करोग बरा होतो. याची किंमत आयुष्याने मोजावी लागते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दूरवर न पसरलेल्या कर्करोगावर प्रस्थापित उपचार नाकारून केवळ पर्यायी पद्धती स्वीकारणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केली होती. पर्यायी पद्धती स्वीकारणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनांच्या कर्करोगात तो पाचपटीहूनही अधिक होता. गाठ लहान असताना ‘आधी सहा महिने प्राणायाम करून पाहू’ असे म्हणणाऱ्याने रुग्णाचे सर्वांत मोलाचे सहा महिने घालविलेले असतात.

दुसरा गैरसमज अधिक सौम्य वाटतो, पण रुग्णाला आतून पोखरतो. मन प्रसन्न ठेवले तर रोग हटतो, आणि रोग वाढला तर मन कमी पडले, हा तो समज. २००७ मध्ये डोके व मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांच्या अभ्यासात भावनिक स्वास्थ्य आणि जीवितकाल यांच्यात संबंध आढळला नाही. मनाला बरे वाटावे हे स्वतःच पुरेसे उद्दिष्ट आहे. त्यासाठी आयुष्य वाढण्याचे आमिष लागत नाही. घाबरलेल्या रुग्णाला ‘सकारात्मक राहा’ असे बजावणे म्हणजे त्याच्या भीतीवर आणखी एक कर्तव्य लादणे होय.

तिसरे असे की, योग हा मानसोपचाराचा पर्याय नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी उदासी, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे ही नैराश्याची लक्षणे आहेत आणि त्यांवर औषधे व समुपदेशन उपलब्ध आहे. केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर (ऑक्टोबर २०२२ पासून) मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

यवत व परिसरातील परिस्थिती

यवत हे पुणे–सोलापूर महामार्गावरील व पुणे–दौंड लोहमार्गावरील गाव पुण्यापासून सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर आहे. गावात ग्रामीण रुग्णालय आहे; कर्करोगाचे विशेष उपचार मात्र पुण्यासच घ्यावे लागतात. मुखाच्या कर्करोगावरील किरणोपचार साधारणतः सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. यंत्राखाली जाणारा वेळ काही मिनिटांचा आणि प्रवास व प्रतीक्षा यांत जाणारा वेळ अर्ध्या दिवसाचा, असे हे गणित असते. दिवसाकाठी सुमारे ऐंशी किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या रुग्णाला आठवड्यातून दोनदा सव्वा तासाच्या योगवर्गास या, असे सांगण्यात अर्थ नाही. चाचण्यांत तपासलेला योग आणि त्याच्या वाट्यास येऊ शकणारा योग यांत हे अंतर आहे.

तरीही याच दिनक्रमात काही जागा सापडतात. रेल्वेच्या डब्यात किंवा रुग्णालयाच्या बाकावर बसून उच्छ्वास लांबविण्याचा सराव कोणाच्या लक्षातही न येता करता येतो. किरणोपचारासाठी चेहऱ्यावर बसविण्यात येणाऱ्या जाळीदार मुखवट्याखाली अनेकांना घुसमट होते. तेथे निश्चल राहून श्वास मोजणे हा योग आणि गरज दोन्ही एकाच वेळी साधणारा अभ्यास आहे. त्याची तयारी आधी काही दिवस घरी, चेहऱ्यावर पातळ ओले फडके घेऊन नव्हे, तर साधे डोळे मिटून करावी. रात्री अंथरुणावर शिथिलीकरणाची ध्वनिफीत भ्रमणध्वनीवर लावता येते. ती मराठीत आणि ओळखीच्या आवाजात असली तर अधिक उपयोगी पडते. गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगाचे उपक्रम घेणे अपेक्षित असते, परंतु ते निरोगी लोकांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. कर्करुग्णाने तेथे जाताना आपला आजार शिक्षकाला सांगावा आणि शिक्षकानेही तो चारचौघांत बोलू नये.

स्त्रियांच्या घरकामाचा विचार या अभ्यासाबरोबरच करावा लागतो. आषाढी वारीच्या वेळी संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम यवत येथे असतो आणि वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण देण्याची गावाची परंपरा आहे. त्या दिवशी घराघरांतून भाकऱ्या थापल्या जातात. स्तनाच्या व काखेच्या शस्त्रक्रियेतून नुकत्याच उठलेल्या बाईला या कामातून दूर बसविले तर ती अधिक खचते, आणि पहिल्यासारखे शेकडो भाकऱ्यांना बसविले तर हात सुजतो. चार भाकऱ्या थापून मग खांदे सैल करीत, दीर्घ श्वास घेत थांबणे, तव्याच्या चटक्यापासून तो हात जपणे, पाण्याचा हंडा दुसऱ्या हाताने व अर्धाच उचलणे, ही तिच्यासाठी आसनांइतकीच महत्त्वाची शिकवण आहे.

ज्या घरांत संध्याकाळी हरिपाठ म्हटला जातो, तेथे दीर्घ उच्छ्वास आणि लयबद्ध उच्चार आधीपासूनच अंगवळणी पडलेले असतात. भ्रामरी शिकविताना त्याचा आधार घेता येतो. याच तालुक्यात केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे, मुस्लीम वस्तीही आहे. ज्यांना ओंकार म्हणावयाचा नसेल त्यांनी केवळ ओठ मिटून गुणगुणले तरी उच्छ्वास तेवढाच लांबतो.

रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला असेल तेव्हा अभ्यास आणखी लहान होतो. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून कार्यरत असलेल्या सिप्ला वेदनाशामक केंद्रासारख्या संस्था अशा रुग्णांची व त्यांच्या कुटुंबीयांची विनामूल्य काळजी घेतात. वेदना औषधांनी आटोक्यात आल्यावाचून कोणत्याही शिथिलीकरणाचा उपयोग होत नाही, त्यामुळे मॉर्फिनची भीती घालवणे हे पहिले काम असते. त्यानंतर रुग्णाच्या शेजारी बसून, त्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास जुळवीत हात धरून राहणे एवढेच सोबतीला असणाऱ्याकडून अपेक्षित असते. रात्र-रात्र जागणाऱ्या त्या सोबत्यालाही दिवसातून दहा मिनिटे पाय भिंतीवर टेकवून पडून राहण्याची मुभा घरातील इतरांनी द्यावी लागते.